घरातला मामला

त्या रात्री माझ्या दारात उभे राहिलेले गृहस्थ पाच वक्तांचे नमाजी होते. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पंधराएक वर्षं झाली असतील. त्यांची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. मुंब्र्यात, कौशातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवायची. ‘ळ’ आणि ‘ण’ म्हणता म्हणता पोरांच्या जिभा वळवणं हे माझं काम. ही पोर हुशार होती. बारावीनंतर ठाण्यात एका ऑफिसात नोकरीला लागली, तिथं एका मुलाशी जुळलं आणि घरी कळल्यावर पिशवीत दोन ड्रेस कोंबून ती माझ्याकडे आली. मुलगा मुसलमानच होता. फक्त भिवंडीचा अन्सारी, म्हणजे विणकर बिरादरीतला होता आणि हे महाड-माणगावकडचं कोकणी खानदान. आमच्यातल्या लोकांना यापुढे समजावून सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगते की कोकणी घरांतल्या म्हाताऱ्या ‘जुलाहा’ (विणकर) हा शब्द ज्या सुरात उच्चारतात, त्या सुरासाठी मराठीत वेगळा शब्द लागत नाही. प्रत्येक जातीला तो सूर ठाऊक असतो.

“टीचर, पोरीला माझ्या ताब्यात द्या,” ते म्हणाले. “घरातला मामला आहे.”

“ताब्यात घेऊन काय करणार?”

“गैरत असलेला बाप जे करतो ते.”

गैरत म्हणजे अब्रूची चाड. मी पडले मास्तरीण. माणूस चुकतो तो माहिती नसते म्हणून, अशी आमच्या जातीची समजूत. मी त्यांना कुरआनातल्या माइदा या सूरहची, म्हणजे अध्यायाची, बत्तिसावी आयत ऐकवली. ज्यानं एका जिवाला मारलं त्यानं जणू सगळ्या माणसांना मारलं. ज्यानं एकाला वाचवलं त्यानं सगळ्यांना वाचवलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, “आयत पुरी म्हणा ना, टीचर. जिवाच्या बदल्यात जीव किंवा जमिनीवर फसाद माजवला असेल तर गोष्ट वेगळी, असंही त्यात आहे. हा फसाद नाही तर काय आहे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मला दुसऱ्या दिवशी सुचलं, आणि अशा प्रसंगी दुसऱ्या दिवसाला काही किंमत नसते. ती मुलगी आज दोन मुलांची आई आहे. ती वाचली त्यात माझ्या आयतीचा वाटा शून्य. कशामुळे वाचली ते पुढे येईल.

अब्रूसाठी घरच्यांनीच मुलीला मारल्याची बातमी आली की आमच्यातला कुणीतरी जाणता माणूस म्हणतो, ‘इस्लाममध्ये याला जागा नाही.’ वाक्य खरं आहे. पण ते बोलून झालं की सगळे हात झटकतात. इस्लाम सुटला, आपणही सुटलो, राहिली ती फक्त मेलेली मुलगी. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोवंडीत एका तरुण जोडप्याचा खून झाला. मुलगी मुसलमान, मुलगा हिंदू, लग्न केलेलं. पोलिसांनी मुलीच्या बापाला आणि भावाला पकडलं. मुलीचा मृतदेह इकडे नवी मुंबईत, कळंबोलीच्या बाजूला सापडला होता. त्या आठवड्यात आमच्याकडे हेच वाक्य किती तरी वेळा ऐकलं. त्या मुलीसाठी दुआ मागितलेली मात्र मी ऐकली नाही.

हा काही फक्त मुसलमानांचा रोग नाही, हेही लगे हाथ सांगून टाकू. नाशिकला २०१३ मध्ये दिवस भरत आलेल्या मुलीला तिच्या बापानं मारलं, कारण तिनं जातीबाहेर लग्न केलं होतं. त्याच वर्षी जानेवारीत नगर जिल्ह्यात सोनईला मेहतर समाजाच्या तीन तरुणांना मारलं. डिसेंबर २०२१ मध्ये वैजापूर तालुक्यात भावानं बहिणीचं मुंडकं उडवलं, आणि सोबत आई होती. यातलं एकही घर मुसलमान नव्हतं. पण शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग दाखवून आपल्या घरची विझत नाही. मला बोलायचंय ते आमच्या घराबद्दल.

‘अब्रू’ हा शब्द मराठीनं फारसीतून घेतला. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा; आबरू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी. ते गेलं की माणूस म्हणतो, पोरीनं तोंड काळं केलं. आता कुरआनातली सोळावी सूरह उघडा, अठ्ठावन्न आणि एकोणसाठ या आयती बघा. मुलगी झाल्याची बातमी कळताच बापाचा चेहरा काळा पडतो, तो लोकांपासून तोंड लपवत फिरतो आणि विचार करत बसतो की ही मानहानी सोसून तिला ठेवू की मातीत गाडून टाकू. हाच काळा चेहरा, हेच तोंड लपवणं. चौदाशे वर्षांपूर्वी ज्या माणसाचं चित्र कुरआनानं तिरस्कारानं काढलं, तो माणूस आम्ही आदराच्या खुर्चीवर नेऊन बसवला आणि त्याला गैरतदार म्हणू लागलो. एक्क्याऐंशीव्या सूरहमध्ये कयामतच्या दिवसाचं वर्णन आहे. सूर्य गुंडाळला जाईल, तारे निखळतील, आणि जिवंत गाडलेल्या मुलीला विचारलं जाईल की तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारलं. त्यातली बारीक गोष्ट बघा. प्रश्न मुलीला विचारला आहे. मारणाऱ्याला बाजू मांडायलासुद्धा बोलावलेलं नाही.

या गैरतीबद्दलच एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, आहे. मदीनेच्या खजरज टोळीचे सरदार साद बिन उबादा यांनी पैगंबरांना विचारलं की बायकोबरोबर परका पुरुष दिसला तर चार साक्षीदार आणेपर्यंत मी त्याला हात लावायचा नाही का? पैगंबर म्हणाले, नाही लावायचा. साद तापट माणूस, तलवार काढण्याची भाषा करू लागले. तेव्हा पैगंबर म्हणाले, सादच्या गैरतीचं नवल वाटतंय तुम्हाला? मी त्याच्याहून गैरतदार आहे, आणि अल्लाह माझ्याहूनही. आमच्या बयानांत, म्हणजे प्रवचनांत, या हदीसचा शेवटचा तुकडा मी पुष्कळदा ऐकला आहे, गैरत किती मोठी चीज आहे हे पटवण्यासाठी. पहिला तुकडा मात्र गाळला जातो. सर्वांत मोठी गैरत ज्याच्याकडे आहे त्यानंच चार साक्षीदारांची अट घातली, हा त्या हदीसचा मुद्दा आहे.

चोविसाव्या सूरहची, नूरची, तर सुरुवातच याच विषयानं आहे. एखाद्या बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवलं आणि चार साक्षीदार आणता आले नाहीत, तर बोट ठेवणाऱ्याला ऐंशी फटके, आणि पुढं त्याची साक्ष कधीच ग्राह्य नाही. नवऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि दुसरा साक्षीदार नाही, तर काय? त्यानं चार वेळा शपथ घ्यायची, आणि पाचव्यांदा म्हणायचं की मी खोटा असेन तर माझ्यावर लानत. मग बायकोनं चार वेळा उलटी शपथ घ्यायची, पाचव्यांदा तसाच शाप स्वतःवर ओढवून घ्यायचा, की तिची शिक्षा टळली. डोळ्यांदेखत घडलं तरी नवऱ्याच्या हाती शपथच आहे, तलवार नाही. आणि तिच्या शपथेचं वजन त्याच्या शपथेइतकंच.

याच सूरहमधल्या पुढच्या आयती उतरल्या त्या प्रसंगात संशय खुद्द पैगंबरांच्या घरावर होता. परतीच्या प्रवासात हरवलेला हार शोधायला गेलेल्या हजरत आयेशा मागे राहिल्या. काफिला पुढं निघून गेला. मागून येणाऱ्या सफवान नावाच्या सहाबीनं, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यानं, त्यांना उंटावर बसवून आणलं. पुढे महिनाभर मदीनेत कुजबुज चालू होती. अरबस्तानात त्या वेळी ज्या घरच्या अब्रूवर सगळ्यांची नजर होती असं ते घर. त्या घरातल्या पुरुषानं काय केलं? महिनाभर वाट पाहिली. बायको माहेरी गेली तर जाऊ दिली. लोकांचा सल्ला घेतला. शेवटी शिक्षा झाली ती कुजबुज करणाऱ्यांना.

मला तरी यातून एकच दिसतं. जो बोट दाखवतो त्याच्याकडे कुरआन संशयानं पाहतो. जिच्याकडे बोट दाखवलं तिच्याकडे आम्ही संशयानं पाहतो. अमृतनगरच्या नाक्यावरून एखादी पोर कुणाच्या बाइकवर मागं बसून गेली तर ती घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचलेली असते, आणि बातमी पोचवणाऱ्याला वाटतं आपण दीनची खिदमत केली. शरियतच्या हिशेबानं ऐंशी फटक्यांच्या सगळ्यांत जवळ त्या नाक्यावर कोण उभं असतं, याचा विचार करावा.

आणि फसाद? दुसऱ्या दिवशी सुचलेलं उत्तर असं की फसाद आहे की नाही हे ठरवणं बापाचं काम नाही. शिक्षा काझीची, हुकमत असलेल्या सत्तेची. घरातल्या माणसाची नाही. सूरह बनी इस्राईल तर खून झालेल्याच्या वारसालासुद्धा सांगते की तुला हक्क दिला आहे पण बदला घेताना मर्यादा ओलांडू नकोस. मुलीनं केलेली गोष्ट धर्माच्या दृष्टीनं गुनाह असेल. एखाद्या मुसलमान मुलीनं हिंदू मुलाशी केलेलं लग्न शरियतनुसार निकाह ठरत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मराठीनं ‘गुनाह’ उचलून त्याचा ‘गुन्हा’ केला. तेवढ्या एका मात्रेच्या फरकात माणसं मरतात. गुनाहचा हिशेब वर होतो. गुन्ह्याचा कोर्टात. बापाच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्याला दोन्ही ठिकाणी प्रवेश नाही.

इथपर्यंत लिहिलं की आमचे मौलाना खूश होतील. पण लेख इथं थांबवला तर तो अप्रामाणिक होईल.

कारण फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, एक दार उघडं राहिलेलं आहे. बापानं मुलाला मारलं तर बापाला किसास नाही, म्हणजे जिवाच्या बदल्यात जीव घेतला जात नाही, असं हनफी, शाफई आणि हंबली या तिन्ही मजहबांचं, म्हणजे कायद्याच्या पंथांचं, प्रचलित मत. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे हे आमचंही मत. आधार एका हदीसचा आहे, आणि ती नोंदवणाऱ्या तिरमिझींनीच तिच्या सनदीतली, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीतली, गडबड सांगून ठेवली आहे. इमाम मालिक यांनी थोडी वेगळी भूमिका घेतली. रागाच्या भरात हातून घडलं तर वेगळं. पण बापानं मुलाला आडवं पाडून गळा चिरला असेल, तर कसली सवलत? बापाला दियत, म्हणजे खुनाची भरपाई, भरावी लागते, इतर शिक्षा होऊ शकते, वारसा मिळत नाही, हे सगळे सांगतात. तरी मुलीच्या गळ्यावर सुरी धरणाऱ्याला ही सवलत ऐकून ठाऊक असते, आणि चार साक्षीदारांची अट ऐकून ठाऊक नसते. असं का होतं, हे मदरशांत शिकवणाऱ्यांनी सांगावं. शाफई मजहबात निकाहला वली, म्हणजे मुलीचा पालक, लागतो हे प्रत्येक बापाला पाठ असतं. वलीनं कारण नसताना अडवून धरलं तर काझी वली होतो, हे त्याच किताबांत असतं. ते मात्र कुणाला पाठ नसतं. पैगंबरांकडे खन्सा बिन्त खिदाम आल्या होत्या, बापानं मर्जीविरुद्ध निकाह लावला म्हणून. तो निकाह त्यांनी रद्द केला. ही हदीस बुखारीच्या प्रसिद्ध संग्रहात आहे, कुठल्या कोपऱ्यात शोधावी लागत नाही.

हे दार किती रुंद होऊ शकतं ते पाकिस्ताननं दाखवलं. १९९० मध्ये तिथं किसास आणि दियतचा वटहुकूम आला. खून हा राज्याविरुद्धचा गुन्हा कमी आणि वारसांचा खासगी मामला जास्त झाला. वारसांनी माफ केलं की आरोपी सुटला. आता अब्रूच्या खुनात वारस कोण? ज्यांनी मारलं किंवा मारायला लावलं तेच. एप्रिल १९९९ मध्ये लाहोरला, वकील हिना जिलानी यांच्या कार्यालयात सामिया सरवर या घटस्फोट मागणाऱ्या बाईला गोळी घातली गेली. मारेकरी तिच्या आईबरोबर आला होता. शिक्षा कुणालाही झाली नाही. त्या खुनाचा निषेध करणारा ठराव पाकिस्तानच्या सिनेटनं मंजूर केला नाही. पुढे जून २०१६ मध्ये चाळीसएक मुफ्तींनी फतवा काढला की अब्रूच्या नावावर खून इस्लामविरोधी आहे. जुलै २०१६ मध्ये सोशल मीडियावर गाजलेल्या कंदील बलोचला तिच्या भावानं गळा दाबून मारलं. फतव्याची शाई वाळली नव्हती असं म्हणायचा मोह होतो, पण खरी गोष्ट वेगळीच आहे. भावाला त्या फतव्याची गरजच नव्हती. त्याला कायद्याची भीती नव्हती, एवढं पुरेसं होतं. त्या खुनानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये कायदा बदलला, माफी मिळाली तरी जन्मठेप टळणार नाही अशी तरतूद झाली. २०१९ मध्ये भावाला जन्मठेप झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये लाहोर हायकोर्टानं त्याला सोडून दिलं. आईवडिलांनी माफ केलं होतं.

(अब्रूसाठी शिक्षेत सूट देणं ही फक्त पूर्वेची रीत नव्हे. फ्रान्सच्या १८१० च्या दंडसंहितेत बायकोला रंगेहाथ पकडून मारणाऱ्या नवऱ्याला सवलत होती, ती १९७५ पर्यंत राहिली. इटलीत अशी सवलत १९८१ मध्ये गेली. अनेक अरब देशांच्या कायद्यांतल्या अशा कलमांत शरियतइतकाच पॅरिसचा हात आहे, हे सांगितलं की दोन्ही बाजूंचे लोक माझ्यावर चिडतात.)

आपल्याकडे असं नाही, असं माझ्या वकील भाच्याचं म्हणणं. भारतात खुनाचा खटला सरकारचा असतो, तो वारसांनी मिटवायचा नसतो. कागदावर बरोबर आहे. पण मी त्याला त्याच्याच जिल्ह्यातला एक खटला दाखवला. मे २००४ मध्ये, वसई-विरारचा पट्टा ठाणे जिल्ह्यात होता तेव्हा, एका ब्राह्मण उत्तर भारतीय तरुणानं बहिणीच्या मल्याळी सासरी जाऊन चार माणसं मारली. बहिणीनं जातीबाहेर लग्न केलं होतं. खालच्या कोर्टानं फाशी दिली, हायकोर्टानं कायम केली. डिसेंबर २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती रद्द करून जन्मठेप दिली, पंचवीस वर्षं प्रत्यक्ष भोगायची. फाशी गेली याचं मला दुःख नाही. फाशीनं काही सुधारतं असं मी मानत नाही. दुखतं ते कारण. धाकट्या बहिणीनं असं काही केलं की समाज थोरल्या भावाला जबाबदार धरतो, त्याच्या डोक्यावर जातीचा पगडा असतो, अशा अर्थाचं कोर्टानं लिहिलं. लाहोरचं कोर्ट ‘आईवडिलांनी माफ केलं’ म्हणतं आणि दिल्लीचं ‘समाजाचा दबाव होता’ म्हणतं. शब्द वेगळे, सूट तीच. बरं, त्याच सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये लता सिंह खटल्यात बजावून ठेवलं होतं की या खुनांमध्ये अब्रूची कसलीही गोष्ट नाही.

२०१२ मध्ये विधी आयोगानं यासाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा दिला. तो तसाच पडून आहे. २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी खटल्यात सुप्रीम कोर्टानं राज्यांना सांगितलं की जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष काढा, जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे ठेवा. महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांसाठी एक समिती काढली खरी, पण ती अशा विवाहांची आणि मुलींच्या माहेरची माहिती गोळा करायला. विशेष विवाह कायद्यात आजही तीस दिवस आधी नोटीस लावावी लागते, कोण कुणाशी लग्न करतोय, कुठं राहतो. बाप पोरगी शोधत असेल तर सरकार पत्ता लावून ठेवतं. आकडेही बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानं अशा खुनांची वेगळी मोजणी २०१४ पासून सुरू केली. पहिल्या वर्षी देशात २८, दुसऱ्या वर्षी २५१. एका वर्षात लोक नऊपट गैरतदार होत नाहीत. कोण कशाची नोंद कशी करतो यावर ते आहे. विहिरीत पडलेली, उंदीर मारायचं औषध घेतलेली, अचानक ताप येऊन गेलेली, अशा मुली कोणत्या रकान्यात जातात ते ज्याचं त्यानं समजावं.

आणि खटला उभा राहिला तरी तो मोडतो कुठं? साक्षीदारावर. नगर जिल्ह्यात खर्ड्याला २०१४ मध्ये दलित शाळकरी मुलाला भर दिवसा मारलं, मुलीशी बोलला म्हणून. २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, साक्षीदार फितूर झाले होते. तिथं निदान गाव साक्षीदार होतं. घरातल्या खुनात साक्षीदार म्हणजे आई, चुलती, धाकटा भाऊ, शेजारची खाला. पाकिस्तानात वारसांनी माफीनामा लिहून दिला की खटला संपतो. आपल्याकडे वारस कोर्टात येऊन म्हणतात, “साहेब, मला काही आठवत नाही.” माफीनाम्याचा तो भारतीय मसुदा समजा.

आता त्या रात्रीकडे येते. आयतीवर माझं तोंड बंद झालं होतं. मुलगी आतल्या खोलीत कडी लावून बसलेली. तेवढ्यात खाली रिक्षा थांबली आणि तिची आई जिना चढून वर आली. मुंब्र्याच्या बाहेर कधी एकटी न गेलेली बाई. पाचवी शिकलेली. दारातच उभी राहिली, आत यायला तयार नाही. नवऱ्याकडे बघून म्हणाली, “पोरीला हात लावलात तर पहिली साक्ष माझी होईल.”

“तू कोर्टात जाणार?”

“ठाण्याचं कोर्ट कुठं आहे मला ठाऊक नाही. रिक्षावाल्याला ठाऊक असेल.”

ते गृहस्थ खुर्चीवर बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी पाणी मागितलं.

मला तेव्हा सूरह निसाची एकशे पस्तिसावी आयत आठवली नाही, खोटं कशाला बोलू. नंतर आठवली. इमान राखणाऱ्यांनो, न्यायावर घट्ट उभे राहा, अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती तुमच्या स्वतःविरुद्ध असो, आईबापांविरुद्ध असो की नातेवाइकांविरुद्ध. अब्रूच्या खुनावर बोलताना सगळे माइदाची आयत म्हणतात, मीही म्हटली. पण मारू नकोस हे मारणाऱ्याला सांगायचं असतं, आणि मारणारा ऐकण्याच्या पलीकडे गेलेला असतो. निसाची आयत उरलेल्या सगळ्या घराला उद्देशून आहे. ती पाळणारं एक माणूस घरात आहे हे कळलं की मारणाऱ्याचा हिशेब बदलतो.

ती बाई काय पणाला लावत होती ते मला त्या वेळी नीट कळलं नाही. नवरा तुरुंगात गेला असता तर घराचं भाडं कुणी भरलं असतं? दोन धाकटी पोरं शाळेत. माहेर माणगावला, भावाच्या संसारात. दिरांनी उंबरा चढू दिला नसता. मोहल्ल्यानं म्हटलं असतं, नवऱ्याला आत टाकणारी. म्हणून बायका बोलत नाहीत. हिंमत नाही म्हणून नव्हे. पहिली तारीख भाड्याची असते म्हणून. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षणाची योजना मान्य केली, ती धमकीपासून वाचवायला. भाड्यापासून ती वाचवत नाही.

मुंब्र्यात, राबोडीत, भिवंडीत मशिदी कमी नाहीत, आणि बहुतेक जमातींकडे बैतुलमालचा पैसा आहे. रमजानमध्ये किट वाटतात, मदरशांना जातो, मय्यतीचा खर्च होतो. मी दोन जमातींच्या मंडळींपुढं एक साधी गोष्ट मांडली होती. आपल्या मोहल्ल्यात घरच्या खुनाची किंवा खुनाच्या धमकीची साक्ष देणाऱ्या बाईचं भाडं आणि रेशन दोन वर्षं जमातीनं उचलायचं, आणि हे जुम्याच्या खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, आधीच जाहीर करायचं. जाहीर करणं महत्त्वाचं. पैसा कदाचित कधी खर्चही होणार नाही. जकातीचे आठ हक्कदार कुरआनात सांगितले आहेत, त्यांत गरीब आहेत आणि कर्जात बुडालेले आहेत. नवरा आत गेलेली बाई दोन्हीत बसते. एका जमातीतले बुजुर्ग म्हणाले, सोच अच्छी है. दुसरीकडच्यांनी विचारलं, असं जाहीर केलं तर लोक म्हणतील आपल्या मोहल्ल्यात असले प्रकार होतात.

तो प्रश्न मला अगदी ओळखीचा वाटला. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून उठून आलेल्या माणसांनी मुंब्रा वाढलं, आणि तेव्हापासून बाहेरच्यांनी आमच्या पिनकोडला नावं ठेवली. घर भाड्यानं मिळत नाही, नोकरीच्या अर्जावर पत्ता बघून भुवया वर जातात. त्यामुळे घाण बाहेर दिसू नये असं वाटणं मला कळतं. हे लिहून तू माकडाच्या हाती कोलीत देतेस, असं सांगणारे माझेच भाऊबंद आहेत. समाजसुधारक हमीद दलवाई आमच्याच चिपळूणकडचे. १८ एप्रिल १९६६ ला सात मुसलमान बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत विधानभवनावर तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा नेला, तेव्हा घरातलं बाहेर नेलं हीच ओरड झाली. दलवाईंचं धर्माबद्दलचं मत माझं नाही. ते नास्तिक, मी नमाज पढणारी. पण त्या सात बायकांनी जे ऐकलं ते मी ओळखते.

बाप म्हणतो घरातला मामला आहे, लोकांना कळू नये. जमात म्हणते मोहल्ल्यातला मामला आहे, बाहेरच्यांना कळू नये. दोघांचाही चेहरा काळा पडतो तो एकाच भीतीनं. एक मुलीला गप्प करतो, दुसरा मुलीबद्दल गप्प राहतो. कोलिताचं म्हणाल, तर ज्यांना आमचं घर जाळायचंय त्यांच्याकडे काडेपेट्या पुष्कळ आहेत, माझ्या लेखावाचून त्यांचं अडलेलं नाही.

त्या मुलीचा निकाह भिवंडीला झाला. बाप आला नाही. ती शाफई, तर मुलगा हनफी. हनफी मजहबात सज्ञान मुलगी आपला निकाह आपण करू शकते. मौलवींनी एवढं सांगितलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि पंधरा मिनिटांत मोकळे झाले. बाप अजून तिच्या घरी जेवलेला नाही. बाजारात भेटले तर मला सलाम करतात, तब्येत विचारतात, त्या रात्रीचा विषय दोघंही काढत नाही. आई वर्षातून तीन-चारदा नातवंडांना भेटायला जाते. आधी कल्याण, तिथून एसटी. आता एकटी जाते. ठाण्याचं कोर्ट मात्र तिनं अजून पाहिलेलं नाही.